नळाचं पाणी

खाणीच्या ट्रकांची धूळ दारं उघडी असली की घरात येई आणि बंद असली तरी येई, म्हणून आईनं दारं बंद करणंच सोडून दिलं होतं. साखळीहून डिचोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमच्या भाड्याच्या तीन खोल्या होत्या. सकाळी आधी पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजायचा, आई दोन उंडे आणि दोन पोयी घ्यायची, आणि चहा होईस्तोवर ट्रक सुरू व्हायचे. वर जाणारा रिकामा ट्रक खडखडत जातो आणि भरलेला खाली येतो तेव्हा कण्हत येतो. डोळे मिटूनही मला कोणता कुठे चालला आहे ते कळायचं. माशांच्या हुमणाच्या भांड्यावर ताट, पाण्याच्या कळशीवर फडकं, लोणच्याच्या बरणीवर दोन फडकी, असा आमचा संसार कायम झाकलेला. बाबा खाणीच्या वजनकाट्यावर होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया लाल असायच्या. आई त्यांना विहिरीवर उभं करून डोक्यावर दोन बालद्या ओतायची आणि मगच उंबरा ओलांडू द्यायची.

ही नोकरी त्यांना दामूकाकांनी दिली होती. दामूकाका म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ. खाणीच्या मालवाहतुकीचं कंत्राट त्यांच्याकडे होतं आणि रस्त्यावर जाणाऱ्या दर चार ट्रकांतला एक त्यांचा असायचा. 'दामूदादान दिली म्हणून' हे शब्द आमच्या घरी इतक्यांदा ऐकू यायचे की लहानपणी मला वाटायचं, ते नोकरीचं आडनाव आहे. चतुर्थीचा गणपतीही त्यांच्याच घरी, घराण्याचा म्हणून. आम्ही दीड दिवस तिथे जाऊन राहायचो आणि आई तो सगळा वेळ करंज्यांसारख्या नेवऱ्या तळत बसायची.

अशा धुळीच्या घरात मी काचेसारखं नितळ पाणी साठवायचा हट्ट धरला, याचं आता मला हसू येतं. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होते, म्हापशाच्या कॉलेजात जायचे. बसस्टँडवर जाताना वाटेत एका बुटक्या घराच्या जनेलातून, खिडकीतून, निळसर उजेड दिसायचा. एक दिवस मी वाकून बघितलं आणि माझी बस चुकली. आत पाण्यात झाडांचं रान होतं आणि त्या रानातून ताटलीएवढे गोल मासे संथपणे चालले होते. पोहत होते असं मला म्हणवत नाही. देवळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या बायकांसारखे ते चालले होते. घर कायतानबाबांचं. ते तारवटी, म्हणजे जन्मभर बोटीवर नोकरी केलेले. परत येताना लोक टेपरेकॉर्डर आणत, त्यांनी मासे आणले होते. डिस्कस. "ॲमेझॉन नदीचीं हीं," ते म्हणाले. "हांकां राग येता. उदक वायट जालें जाल्यार काळीं पडटात आनी कोनशाक वचून रावतात. म्हज्या बायलेभशेन." त्यांची बायको आतून काहीतरी ओरडली आणि ते हसले.

दीड वर्ष मी त्या जनेलाशी शिकले. मला मासे हवे होते आणि त्यांना झाडं. पेडण्याला माझ्या आजोळी व्हाळात, वाहत्या पाण्याच्या बुडाशी, लांब वळलेल्या पानांची झुडपं उगवतात. आम्ही पोरं ती पायांनी तुडवत पोहायचो. कायतानबाबांना ती दाखवली तर त्यांनी चष्मा पुसला. हीच झाडं बाहेरदेशी कुंडीत घालून विकतात म्हणे, आणि डिस्कसला लागणारं गरम पाणी ज्या थोड्या झाडांना सोसतं त्यांतली ती आहेत. मी एक टोपलीभर झाडं मुळांसकट आणून दिली, त्यांनी मला सहा पिल्लं दिली, रुपयाच्या नाण्याएवढी.

पण पिल्लं आणण्याआधी टाकी तयार हवी आणि ती रुजलेली हवी, हा त्यांचा नियम. "घर बांद, मागीर व्होंकल हाड," ते म्हणायचे; व्होंकल म्हणजे नवरी. साखळीच्या बाजारात कापडाचं एक दुकान मोडलं होतं. त्याच्या शोकेसच्या जाड काचा बाबांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून, स्वतः चालत आणल्या. डिचोलीच्या काचवाल्यानं त्या कापून जोडून दिल्या. साडेचार फूट लांब टाकी झाली. तळाला मी आमच्याच डोंगराची तांबडी माती घातली, चाळून, उकळून, वाळवून. जिनं आमचं जेवण नासवलं ती माती झाडांच्या मुळांना मात्र हवीच असते, लोखंडासाठी. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मगे तुज्या बापायचे कपडेच थंय धू." मातीवर वाळवंटी नदीच्या पात्रातली रेती, इतक्या वेळा धुतलेली की शेवटी तिचं पाणी आई तुळशीला घालू लागली. नदीच्या काठाला लागलेलं एक मोठं मूळ मी उचलून आणलं आणि न्हाणीतल्या पाणी तापवायच्या तांब्याच्या भाणात तीन दिवस उकळलं. त्या तीन दिवसांत घरातल्या सगळ्यांनी चहाच्या रंगाच्या पाण्यानं आंघोळ केली.

आज माझ्या शोभेच्या माशांच्या दुकानात येणारी मुलं वायूचे सिलिंडर, मोबाईलवर चालणारे दिवे अशा गोष्टी मागतात. मागू देत. मी झाडांना लागणारा वायू एका काचेच्या बाटलीत गूळपाणी आणि रेंदेराकडची ताजी सूर, म्हणजे माडी, घालून तयार करायचे. माडाची ती सूर पोदेर पावासाठी वापरतात तशी मी झाडांसाठी वापरली. बाटलीच्या बुचातून दवाखान्यातली सलाईनची नळी काढून पाण्यात सोडली होती. घरभर आंबूस वास सुटायचा. शेजारच्या बायकांना वाटायचं, बाबा प्यायला लागले.

आणि पाणी. पाणी आमच्या विहिरीचं. कायतानबाबांनी त्यात औषधाचे थेंब टाकून बघितलं आणि म्हणाले, इतकं मऊ पाणी आपल्याला म्हापशात मिळालं असतं तर आपण बोटीवर गेलोच नसतो. नळाचं पाणी टाकीत थेट कधीच घालायचं नाही, हे त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं. त्यात जंतू मारायची पावडर असते, पावसात तर दुप्पट. आपल्याला ती नुसती वासाला लागते, माशांचे कल्ले जाळते. अगदीच नाइलाज झाला तर फोटोस्टुडिओत हायपो मिळतो, साखरेसारखे खडे असतात. एक चिमूट टाकली की क्लोरिन मरतं, दोन मिनिटांत. म्हणून मी साखळीच्या स्टुडिओवाल्याकडून एक पुडी आणून ठेवली होती. ती मला कधी लागली नाही. विहीर होती.

मासे मोठे झाले. तपकिरी अंगावर निळ्या रेघा उमटल्या, डोळे लाल झाले. आई त्यांना 'जितीं पापलेटां' म्हणायची, आणि बाजारातून सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणली की आमच्या हुमणात पडायच्या आधी त्यातली चार सोलून त्यांच्यासाठी पाट्यावर बारीक वाटून ठेवायची. बाबा विहिरीवरून आले की थेट टाकीसमोर कदेल, आमची जुनी खुर्ची, ओढून बसायचे. बोलायचे नाहीत. दिवसभर लाल धुरळ्यात ट्रक बघितलेल्या माणसाला हिरवं पाणी बघायला काय वाटत असेल, ते मी कधी विचारलं नाही. एकदा त्यांनी आपण होऊन सांगितलं, "हांगा बसलें मगे कानांतलो आवाज बंद जाता." ट्रक तर बाहेर चालूच होते.

मग दोन मासे जोडीला लागले. त्यांनी त्या मुळाच्या उभ्या बाजूवर अंडी घातली, आळीपाळीनं पंखांनी वारा घालत राहिले, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी अंधुक टिंबांसारखी पिल्लं सुटून आईबापाच्या अंगाला चिकटली. डिस्कसची पिल्लं पहिले दिवस दुसरं काही खात नाहीत. आईबापाच्या अंगावर एक दाट चिकट थर येतो, तोच त्यांचा आहार. आई दमली की अंग झटकते आणि सगळी पिल्लं एका झटक्यात बापाच्या अंगावर जातात. माझ्या आईनं हे बघितलं तेव्हा हातातलं वाटण तसंच धरून ती उभी राहिली. किती वेळ कोण जाणे. मग म्हणाली, "बापूय बी पाजता गो." तिनं त्या दिवसापासून त्यांना पापलेटं म्हटलं नाही.

पिल्लं पाच दिवसांची असताना दामूकाका आले.

साखळीत त्यांनी बंगला बांधला होता, त्याच्या वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला आले होते. आईनं चहा ठेवला. काका टाकीसमोर उभे राहिले. त्यांच्या हातात गाडीची किल्ली होती आणि तिनं ते काचेवर टकटक करत होते. मासे दचकून मुळामागे गेले.

"शालू, हें तुवें केलां?"

"व्हय काका."

"आमच्या सालांत बरें दिसतलें," ते म्हणाले. साल म्हणजे बंगल्यातला दिवाणखाना. "फाल्यां मनीस धाडटां."

मला वाटलं, तशीच दुसरी करून मागताहेत. बाबांना आधी कळलं. त्यांनी कप खाली ठेवला, तेव्हा मलाही कळलं. मी म्हटलं, "काका, पिल्लां आसात. पंदरा दीस तरी रावात. आतां हालयलीं जाल्यार आवय-बापूय तांकां खातलीं."

काका हसले. वाईट हसले नाहीत, हेच मला जास्त लागलं. लहान मुलानं चंद्र मागितल्यावर हसतात तसे हसले. "अगो, माशांचीं पिल्लां तीं. मनशांचीं न्हय."

मी बाबांकडे बघितलं. ते बशीकडे बघत होते. "दी गो बाय," ते म्हणाले. "दामूदादान मागलां."

दुसऱ्या दिवशी जीपमधून सहा हमाल आले. बाबांनी रजा घेतली नव्हती तरी ते कामावर गेले नाहीत. बालद्या त्यांनी स्वतः धरल्या. मी पाणी काढलं, मासे काढले, पिल्लांसकट जोडी एका वेगळ्या बालदीत ठेवली आणि वर ओला टॉवेल घातला. बंगल्यावर पोचेपर्यंत त्या बालदीत दोन मोठे मासे होते. दुसरं काही नव्हतं. मी टॉवेल पुन्हा झाकला. पिल्लं चाळीस-पन्नास तरी होती.

त्या क्षणी मला रडू आलं नाही.

तीन दिवस मी त्या सालात टाकी पुन्हा मांडत होते. खाली संगमरवर, वर झुंबर, भिंतीला लाकडी नक्षी. काकी मला दर तासाला काहीतरी खायला आणून द्यायची. तिला टाकी मनापासून आवडली होती आणि टाकी कशी आली हे तिला ठाऊकच नव्हतं, तिला वाटत होतं मी भेट दिली. काकांचा मुलगा उदय पुण्याला शिकून परत आला होता. तो खिशात हात घालून बघत उभा राहायचा, कधी बोलायचा नाही. वास्तुशांतीच्या दिवशी टाकीभोवती गर्दी झाली. खाणीच्या कंपनीचे मोठे साहेब आले होते. काकांनी उदयच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हें आमच्या उदयान केलां. पुण्याक शिकून आयला."

उदयनं मान खाली घातली. साहेबांनी विचारलं, पाणी कसं असावं लागतं? उदयनं काकांकडे बघितलं. मी पुढे झाले. "साहेब, पाणी मऊ लागतं, विहिरीचं..."

"शालू," काका म्हणाले, "तूं भितर वच आनी सरबत हाड."

मी आत गेले. ओट्याशी बाबा ट्रेमध्ये पेले लावत होते. त्यांच्या धोतरावर कोकमाचं सरबत सांडलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला बघून त्यांनी ट्रे उचलला आणि स्वतःच बाहेर नेला.

एक महिना मी आठवड्यातून दोनदा जाऊन पाणी बदलत होते. काकांचा ड्रायव्हर आमच्या विहिरीवरून कॅन भरून न्यायचा. मग एका वर्तमानपत्रात फोटो आला, टाकीजवळ उदय उभा, 'तरुण मत्स्यप्रेमी' असं काहीतरी खाली. त्या आठवड्यात बाबांनी निरोप आणला, आता मी यायची गरज नाही, उदय बघेल. ड्रायव्हरही बंद झाला. कॅनमध्ये पाणी भरून मी दोन वेळा वाट बघितली, मग ते आईनं कपड्यांना वापरलं.

मी काय केलं ते आता लिहिते. कुणी म्हणेल, साठीकडे आलेल्या बाईनं हे उकरून काढायची गरज नव्हती. मला आहे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाबा दुपारी जेवायला बसले होते. पावसाळ्यात नदी गढूळ, म्हणून नळाच्या पाण्याला त्या दिवसांत इतका उग्र वास यायचा की शेजारीण त्यात डाळ शिजत नाही म्हणायची. बाबा भात कालवत म्हणाले, "काकीन विचारलां. साहेब येतले फाल्यां, उदक हळदुवें दिसता म्हणून दामूदादाक सगळें बदलून जाय. नळाचें घाल्यार चलता मू?"

माझ्यासमोर सोलकढीची वाटी होती. तिच्यात एक लसणीची पाकळी तरंगत होती. मी ती बोटानं कडेला नेली.

"चलता," मी म्हटलं. "नितळ दिसतलें."

बस एवढंच. माशांच्या धंद्यात आता माझे केस पांढरे झाले. पाण्याबाबत मी आयुष्यात कुणाला खोटं सांगितलेलं नाही, ती दोन वाक्यं सोडून. आईनं माझ्याकडे बघितलं. तिला पाण्यातलं काही कळत नव्हतं, पण माझा आवाज कळत होता.

चतुर्थीला सकाळी निघताना मी पर्समध्ये हायपोची पुडी टाकली. का टाकली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मन बदललं तर असावी म्हणून, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं तर मला ती जवळ हवी होती. ज्याच्यामुळे ते वाचू शकतात ती गोष्ट माझ्या हातात आहे आणि मी ती देत नाही, हे मला अंगावर घेऊन फिरायचं होतं.

बंगल्यात माटोळी बांधली होती, सुपारीचे घड, तोरिंगण, चिबूड, वेलीसकट काकड्या, सगळं गणपतीच्या डोक्यावर लटकलेलं. स्वयंपाकघरातून हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचा वास. आई पदर खोचून तिकडे गेली. मी सालात गेले. टाकीतलं पाणी इतकं पारदर्शक होतं की जणू पाणीच नव्हतं, आणि जवळ गेलं की नाकाला तो वास झोंबत होता. सकाळी आठाला बदललं, असं काकीनं सांगितलं. मासे काळे पडले होते. दोन वर पाण्याच्या कातडीला तोंड लावून श्वास ओढत होते. माझी जोडी खाली मुळाशी तिरकी झाली होती. "रंग बदललो गो तांचो," काकी म्हणाली, "भियेल्यात आसतलीं." मी म्हटलं, आसतलीं.

साहेब आणि त्यांच्या मॅडम दुपारच्या आरतीला आले. काका त्यांना आधी टाकीकडेच घेऊन गेले. तोवर दोन मासे आडवे होऊन वर आले होते, पांढरी पोटं दिसत होती, आणि तिसरा सगळ्यांच्या देखत गोल गोल फिरत काचेवर आपटू लागला. मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. कुणीतरी म्हणालं, चवथीच्या दिसा घरांत हें बरें न्हय. भटजी पूजेच्या पाटावरून उठले आणि म्हणाले, मेलेलं आधी बाहेर काढा, त्याशिवाय आरती करता येणार नाही. गणपतीसमोर टाळ घेऊन बसलेली माणसं तशीच थांबली. एवढ्या घरात एवढी माणसं, आणि आवाज फक्त हवेच्या पंपाचा.

काका उदयकडे वळले. "कर कितें तरी!" उदयनं टाकीत हात घातला आणि तसाच ठेवला. मग काकांनी गर्दीत मला शोधलं. त्यांचा चेहरा मी तसा पूर्वी कधी बघितला नव्हता. ओठ सुकले होते.

"शालू! तूं पळय गो. चार अजून जितीं आसात. कितें तरी कर, बाय!"

बाय म्हणाले ते मला. पुडी माझ्या मुठीत होती. पर्समधून ती केव्हा काढली ते माझं मलाच कळलं नव्हतं. कागदातून खडे तळहाताला टोचत होते. दोन मिनिटं लागली असती. मी हात मागे घेतला.

"म्हाका कितें कळटा, काका?" मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "उदयान केलां न्ही तें? उदयाक विचारात."

काकांच्या नजरेत काहीतरी हललं आणि मग ती खाली गेली. साहेब घड्याळ बघत होते. काकांनी रेशमी सोवळ्याचा काष्टा खोचला, न्हाणीतली बालदी आणली आणि सगळ्यांच्या देखत, एक एक करून, मासे हातांनी काढले. जिवंत होते तेही काढले. मागच्या दारानं ती बालदी ते स्वतः घेऊन गेले, आणि जाताना उदयच्या थोबाडीत मारली. मला त्या वेळी बरं वाटलं. हे मी लिहिते आहे कारण ते खरं आहे: मला अतिशय बरं वाटलं, तापातून उठल्यावर भूक लागते तसं.

काकी खांबाला टेकून रडत होती. तिच्याकडे मी बघितलं नाही.

घरी परतताना बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. अंगणात आल्यावर विहिरीच्या कठड्याला हात टेकून म्हणाले, "तुका खबर आशिल्लें."

"व्हय."

"म्हाका विचारलें तेन्ना तुवें म्हाकाच फट सांगली."

निरोप माझ्या तोंडून निघाला, पण पोचवला होता बाबांनी, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. काकांना मी दिलेलं विष बाबांच्या हातून गेलं होतं.

"दामूदादाचें सोड," ते म्हणाले. "त्या माशांनी तुजें कितें केल्लें गो?"

ज्यांच्या पिल्लांसाठी मी सूड घेतला त्यांनाच मी मारलं, हे मला कळतं. पण काकांचा तो सुकलेला ओठ आठवला की अजून मला पश्चात्ताप माशांपुरताच होतो. त्यापुढे जात नाही. पुढे कायतानबाबांच्या मदतीनं मी आणखी टाक्या केल्या, म्हापशात दुकान घातलं, त्यावर घर चालवलं. बाबा निवृत्त होईपर्यंत काट्यावरच राहिले. माझ्या कुठल्याही टाकीसमोर त्यांनी पुन्हा कधी कदेल ओढली नाही.

काका गेल्या वर्षी वारले. त्यांच्या बाराव्यानंतर काही दिवसांनी उदय दुकानात आला. साठीला टेकलेला, पोट सुटलेला, नातीला मासे हवेत म्हणाला. मी त्याला बसायला दिलं. त्यानं एक एक टाकी बघितली आणि डिस्कसच्या टाकीपाशी थांबला.

"त्या चवथीक," तो म्हणाला, "तुज्या मुठींत कितें आशिल्लें?"

मी हातातली जाळी खाली ठेवली.

"तुवें हात फाटीं व्हेलो. म्हाका दिसलें. कागद दिसलो."

"वखद आशिल्लें," मी म्हटलं. "तीं वांचलीं आसतीं."

त्यानं मान डोलावली, जणू एवढंच नक्की करायचं होतं.

"मगे बोलूंक कित्याक ना?" मी विचारलं. "थोबाडींत खाल्ली तुवें."

उदय टाकीकडेच बघत होता. "भियेल्लो पपा हांव पयलेच खेपे पळयतालों," तो म्हणाला. "म्हाका तें संपूंक नाका आशिल्लें."

इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या दिवशीचं जे काही होतं, चांगलं-वाईट, ते माझं एकटीचं होतं. माझी टाकी नेली, माझं नाव नेलं, पण ते तरी कुणाला नेता आलेलं नाही. आणि हा गृहस्थ तिथेच, पाण्यात हात घालून, माझ्याइतकाच ते भोगत उभा होता. मला त्याची कीव यायला हवी होती. मला राग आला.

त्यानं चार पिल्लं मागितली. टाकीत तेरा-चौदा होती, चांगली अंगानं भरलेली. मी म्हटलं, ही दिलेली आहेत, पुढच्या महिन्यात ये. पुढच्या महिन्यात तो नातीला घेऊन आला. मी पोरीच्या हातावर चॉकलेट ठेवलं आणि त्याला म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू.